वहिवाट: कुकहॅम ते मार्लो, नदीकाठाने एक दिवस

(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ सदस्यांच्या मासिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्या आग्रहावरून वार्तापत्रात देत आहोत.)

 

प्रसादाच्या आधी वीस मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा घड्याळाकडे माझं लक्ष राहील, काळजी नसावी.

गेल्या जूनमध्ये, तिकडे पालख्या निघायच्या सुमारास, आपण एकोणीस जण थेम्सच्या काठाने चालायला गेलो होतो. सगळ्यांत लहान सदस्य त्रेसष्टचे आणि सगळ्यांत मोठ्या आजी सत्त्याऐंशीच्या. त्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, पण त्याहून जास्त बोलायचं आहे ते जे आले नाहीत त्यांच्याशी. आपल्या यादीत साठेक ज्येष्ठ आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी फोन केले होते. "गुडघे दुखतात" हे कारण सगळ्यांनी सांगितलं. पण फोन पाच मिनिटांच्या पुढे गेला की खरं कारण यायचं, आणि ते बहुतेक वेळा गुडघ्याचं नसायचं.

पहिलं खरं कारण शौचालयाचं. हसू नका. याच्यावर मोकळेपणी कोणी बोलत नाही आणि याच्याच पायी कितीतरी बायका घराबाहेर पडायच्या थांबल्यात. म्हणून आधी तेच सांगते. एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांत शौचालय नसतं, तेव्हा स्टेशनवर आधीच जाऊन घ्यायचं. मेडनहेडहून पुढे जी छोटी गाडी लागते तिच्यात असतं. कुकहॅम गावात आपण चहाला थांबतो तिथे सोय आहे, बोर्न एंडला आहे, मार्लोला आहे. म्हणजे तास-दीड तासाहून जास्त अंतर कुठेच पडत नाही. आम्ही चाललो ते सगळं याच हिशेबाने आखलं होतं. आणि एक विनंती: बाहेर जायचंय म्हणून सकाळची पाण्याची गोळी परस्पर टाळू नका आणि पाणी प्यायचं बंद करू नका. गोळीची वेळ पुढेमागे करता येते का, हे आपल्या फार्मसिस्टला नाहीतर जी.पी.ला विचारा. ते विचारण्यात काही लाज नाही.

आता रस्ता सांगते.

मेडनहेडपर्यंत एलिझाबेथ लाइन. लंडनचा फ्रीडम पास ज्यांच्याकडे आहे त्यांना तो मेडनहेडपर्यंत चालतो, शनिवार-रविवारी दिवसभर. तिथून मार्लोची शाखा-गाडी. तिचं तिकीट काढावं लागतं, आणि सीनियर रेलकार्ड असेल तर एक तृतीयांश सूट. ही गाडी म्हणजे गंमतच. दोन-तीन डबे, एकच रूळ. बोर्न एंडला पोचल्यावर ड्रायव्हर उतरतो, पलीकडच्या टोकाला चालत जातो आणि गाडी उलट्या दिशेने मार्लोला निघते. जुन्या वाफेच्या गाडीला तिथले लोक "मार्लोचं गाढव" म्हणायचे. आमच्यातल्या एका काकांना नेरळ-माथेरानची आठवण झाली, आणि मग पुढची दहा मिनिटं सगळा डबा माथेरानमध्येच होता.

आपण उतरतो कुकहॅमला. एकच फलाट. गावातून नदीपर्यंत सुमारे एक मैल. आधी एक मोठं गवताळ मैदान लागतं, मग हायस्ट्रीट. जुनी विटांची घरं, दारात गुलाब, सगळं नीटनेटकं. आणि त्या हायस्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक लहानसं चॅपल आहे, त्याची आता गॅलरी झालीय. तिथे आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो, आणि बरं झालं थांबलो.

स्टॅन्ली स्पेन्सर नावाचा चित्रकार याच गावात 1891 साली जन्मला. मधली काही वर्षं सोडली तर आयुष्य इथेच काढलं, 1959 साली गेला. लहानपणी घरच्यांबरोबर याच चॅपलमध्ये प्रार्थनेला यायचा. मोठा झाल्यावर बाळाच्या जुन्या ढकलगाडीत रंग, ब्रश, कॅनव्हास भरून गावभर हिंडायचा. ती ढकलगाडी अजून गॅलरीत ठेवलेली आहे. तर या माणसाने केलं काय, बायबलमधल्या गोष्टी त्याने कुकहॅममध्ये घडवल्या. येशू क्रूस घेऊन चाललाय तो या हायस्ट्रीटवरून. मेलेली माणसं शेवटच्या दिवशी उठून बसतायत ती इथल्या चर्चच्या आवारातल्या थडग्यांतून. येशू उपदेश करतोय तो नदीवरच्या होड्यांच्या जत्रेत, वेताच्या खुर्चीत बसून. हे शेवटचं भलं मोठं चित्र त्याच्या हातून अपुरंच राहिलं.

मला वाटलं होतं, आपल्या मंडळींना यात काय रस असणार. पण सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी त्या चित्रांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या जनाबाईसारखंच की गं. देव घरी येऊन जातं ओढतो." मग म्हणाल्या, "याच्या गावात आला, आपल्या गावात आला, येतो तो." मी कलेची पदवी घेतलेली नाही, पण मला नाही वाटत त्या चित्रांबद्दल याहून नेमकं कोणी काही बोलेल.

तिथून चर्चच्या आवारातून वाट जाते आणि एकदम नदी समोर येते. आवारात स्पेन्सरच्या नावाचा दगड आहे. तिथे मिनिटभर उभे राहिलो, बायकांनी हात जोडले.

आता नदी. इंग्रज लोक थेम्सला "फादर थेम्स" म्हणतात, बाप्या नदी. गोदामाई, कृष्णामाई म्हणत वाढलेल्या आपल्या लोकांना हे जरा विचित्रच वाटतं. ओटी कशी भरणार, असा प्रश्न एका मावशींनी विचारला, त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. कुकहॅमपाशी पात्र रुंद आहे, पाणी संथ. काठाने बांधलेल्या होड्या, आणि हंस. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात इथून राजाच्या माणसांच्या वल्ह्याच्या होड्या जातात आणि हंसांची मोजदाद करतात, पिल्लांवर खूण करतात. स्पेन्सरचं त्याच्यावरही चित्र आहे.

नदी उजव्या हाताला ठेवायची आणि प्रवाहाच्या उलट चालायचं. हा थेम्स पाथ. नदीच्या उगमापासून लंडनच्या पूर्वेपर्यंत सुमारे 184 मैल, 1996 साली राष्ट्रीय पायवाट म्हणून खुला झाला. खांबांवर ओकच्या फळाची, एकॉर्नची, लहानशी खूण असते. ती दिसत राहिली की वाट बरोबर. आजोबांना ती खूण शोधायचं काम दिलं होतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की खूण दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकू देत नव्हते.

आपण चाललो विसाव्यांवर. वारीत जसे पालखीचे विसावे ठरलेले असतात तसे. वीस मिनिटं चालायचं, दहा मिनिटं टेकायचं. ज्यांचे पाय सगळ्यांत हळू त्यांना पुढे ठेवलं. ही कल्पना दोन वेळा वारी केलेल्या एका काकूंची. त्यांचं म्हणणं, हळू चालणारा मागे पडला की त्याला धापा टाकत गाठावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती होऊन ते उठलेले असतात. त्याला बसायला मिळतच नाही. पुढे ठेवलं की सगळी रांग आपोआप त्याच्या पायाने चालते. हे अगदी खरं आहे. ज्यांनी डोंगरात फिरायला नेणाऱ्या गटांबरोबर हाल काढलेत त्यांना पटेल.

गाव संपलं की कॉक मार्श लागतो. हा मोठा सपाट गायरान आहे, नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात. कांस्ययुगातल्या दफनाचे उंचवटे तिथे अजून दिसतात. आणि तिथे जायला एक फाटक आहे, एका वेळी एकच माणूस जाईल असं. त्याला इथे "किसिंग गेट" म्हणतात. नाव ऐकून काकू मंडळी लाजल्या. फाटक दोन्ही बाजूंच्या खांबाला नुसतं टेकतं, म्हणून ते नाव, असं सांगितल्यावर जरा धीर आला.

त्याच फाटकापाशी एक काकू थांबल्या. पलीकडे गाई चरत होत्या, उघडंच होतं की ती कुणाची तरी जमीन आहे. त्या मला म्हणाल्या, "अगं, परवानगी काढली आहेस ना? कोणी हटकलं तर?" त्यांना या देशात येऊन एक्कावन्न वर्षं झाली आहेत. नोकरी केली, कर भरले, मुलं वाढवली, नातवंडं युनिव्हर्सिटीत. आणि फाटकापाशी पाय थबकतो.

हेच ते फोनवरचं दुसरं कारण. "तिकडे आपलं काय काम?" "ते त्यांचं." "सगळे आपल्याकडेच बघतात." हे मला किती जणांनी सांगितलं असेल. म्हणून या बाबतीत मी थोडी माहिती काढली, ती सांगते. ती तुम्हाला फार लवकर समजेल, कारण तुम्ही सगळे वहिवाट हा शब्द ऐकत वाढलेले आहात.

गावाकडे शेताच्या बांधावरून रस्ता कुणाचा, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालतात. मामलेदाराकडे दावे जातात. आपल्या आजोबांचं म्हणणं काय असायचं? "आमची वहिवाट आहे." जमीन तुमची असेल, सातबाऱ्यावर नाव तुमचं असेल, पण या वाटेने आम्ही जात आलोय आणि जाणार. इंग्लंडमध्येही नेमकं हेच आहे. त्याला इथे पब्लिक राइट ऑफ वे म्हणतात. जमीन खाजगी, वाट सगळ्यांची. इंग्लंड-वेल्समध्ये अशा सुमारे 1,40,000 मैलांच्या वाटा आहेत. कुणाच्या शेतातून, कुणाच्या आवारातून, कुठे कुठे तर कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून.

ह्या वाटा कोणी फुकट दिल्या नाहीत. 1932 च्या एप्रिलमध्ये डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम बंदी मोडून चढली. मालकांनी तो डोंगर शिकारीसाठी राखून ठेवला होता. त्यांतल्या काही जणांना तुरुंगात टाकलं. लोकांची चीड वाढली. पुढे 1949 साली कायदा झाला आणि प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायचा, असं ठरलं. त्या नकाशावर जी वाट आहे ती आहे, मालकाला ती अडवता येत नाही. आणि 1980 च्या महामार्ग कायद्यात असंही आहे, की एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, कोणी न अडवता जात राहिले, तर ती वाट सार्वजनिक आहे असं धरलं जातं.

"परवानगी न मागता" हे शब्द लक्षात घ्या. परवानगी मागून चालणाऱ्याची वहिवाट होत नाही. कायदाच तसा आहे. मी काकूंना तिथे फाटकापाशी एवढंच सांगितलं, की परवानगी काढलेली नाही आणि काढायचीही नसते. ही तुमची वहिवाट आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि गेल्या.

गाईंबद्दल मात्र सावध. आपल्याला गाय दिसली की पुढे होऊन पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. इथे तसं करायचं नाही. वासरू बरोबर असेल तर गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. आणि एका आजींनी पिशवीतून पोळी काढली होती, गोग्रास म्हणून. त्यांना थांबवावं लागलं. 2001 साली पाय-खुरांच्या रोगाने लाखो जनावरं मारावी लागली, तेव्हापासून घरच्या स्वयंपाकातलं काहीही शेतातल्या जनावराला घालायला या देशात कायद्याने बंदी आहे. आजी खट्टू झाल्या. मग लांबूनच नमस्कार केला आणि ती पोळी त्यांनी मला खायला लावली. तूप-गुळाची होती.

कॉक मार्शच्या टोकाला नदीकाठी एक पब आहे, तिथे मोटार जात नाही, चालत नाहीतर होडीनेच पोचता येतं. आपण बाहेरच्या बाकांवर बसलो, चहा-कॉफी घेतली. डबे आपले आपण झाडाखाली पुढे जाऊन उघडले, कारण दुसऱ्याच्या दुकानात आपला डबा उघडायचा नाही, हा साधा शिष्टाचार आहे. धपाटे, दशम्या, लसणाची चटणी, दही-पोहे, आणि कोणीतरी चक्क पुरणपोळ्या. इतकं अन्न होतं की शेजारी गवतावर बसलेल्या एका इंग्रज जोडप्याला बोलावून खाऊ घातलं. चटणी त्यांना झेपली नाही. धपाट्यांची कृती मात्र लिहून घेतली.

मग पूल. बोर्न एंडला रेल्वेचा लोखंडी पूल आहे आणि त्याच्या कडेला लटकवल्यासारखी पायी जायची वाट जोडलेली आहे. हिच्यामागे एक गोष्ट आहे. पूर्वी या नदीतून मालाच्या नावा जायच्या, काठावरून घोडे दोराने त्या ओढायचे. त्या ओढीचीच ही वाट. पण मधेच एखाद्या मालकाची जमीन आडवी आली की वाट नदीपलीकडे जायची, आणि घोडे उतारूंच्या नावेतून पलीकडे न्यायचे. इथे जवळच स्पेड ओक नावाच्या जागी तशी नाव चालायची. नावा बंद पडल्या आणि वाट तुटली. कित्येक वर्षं लोकांना वळसा घालावा लागे. रेल्वेच्या पुलाला ही पायवाट जोडली तेव्हा ती पुन्हा सांधली गेली. पुलाला पायऱ्या आहेत, एकमेकांचा हात धरून सावकाश चढायचं. आगगाडी शेजारून गेली की पूल थरथरतो. घाबरायचं काही नाही.

पूल ओलांडला की बोर्न एंडचं स्टेशन चालत पाच-दहा मिनिटांवर. कुकहॅमपासून इथवर अडीच मैलांच्या आसपास होतात. ज्यांना पुरे वाटलं त्या आठ जणांनी इथून गाडी धरली आणि मार्लोला पुढे जाऊन बसले. हे आधीपासून ठरलेलं होतं. यात कमीपणा काही नाही. अर्धी वाट चालणारा आणि पूर्ण चालणारा, दोघांचा चहा मार्लोला एकत्रच झाला.

आम्ही अकरा जण पुढे निघालो. बोर्न एंड ते मार्लो तीन मैल, बहुतेक सपाट कुरणं, पलीकडच्या काठाला झाडीने भरलेला उंच डोंगर. इथलं सांगण्यासारखं एकच.

स्पेड ओकपाशी एक विसावा होता. आपले एक काका, नाव सांगत नाही, ते समोर बसलेत, मूळचे वाईचे. काकू जाऊन त्यांना दोन वर्षं होत आली आहेत. येताना दिवसभर ते फारसं बोलले नव्हते. तिथे ते पाण्याच्या अगदी काठाला बसले, बूट काढले, मोजे काढले, आणि नुसते बसून राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी उठवायला गेले तर ते म्हणाले, "रोज संध्याकाळी गणपतीच्या घाटावर बसायचो मी. लग्न झाल्यावर तीसुद्धा यायची. इथे आलो त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आमच्या घरापासून ही नदी अर्ध्या तासावर आहे. एकदाही काठाला बसलो नाही. तिला घेऊन एकदाही आलो नाही."

मी काय बोलणार. गाडी दर तासाला असते. एक चुकली तर पुढची मिळते. सगळे तिथेच बसून राहिलो. कोणीतरी हळू आवाजात नामाचा गजर धरला, मग बाकीच्यांनी. दोन होड्या गेल्या, त्यातल्या लोकांनी हात हलवले, आपणही हलवले. तासाभराने काका आपणहून उठले आणि त्यांनी मोजे घातले. त्यांच्या परवानगीने हे सांगतेय. त्यानंतर ते दर गुरुवारी एकटेच नदीवर जातात, बस पासवर, थर्मास घेऊन. शेजारच्या दोघांना घेऊन जायला लागलेत असंही कानावर आलंय.

मार्लोबद्दल थोडक्यात. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज लांबूनच येतो. 1832 चा झुलता पूल आहे. त्याचा इंजिनिअर विल्यम टिअर्नी क्लार्क, यानेच बुडापेस्टच्या प्रसिद्ध साखळी-पुलाचा आराखडा केला. मेरी शेलीने फ्रॅन्केन्स्टाइनची गोष्ट याच गावात राहून पुरी केली. हे मी वाचून दाखवलं, पण तोवर सगळ्यांचं लक्ष चहाकडे होतं. पुलाजवळच्या बागेतली नदीकाठची वाट डांबरी आणि सपाट आहे. व्हीलचेअर असणाऱ्यांनी कुकहॅमला न उतरता थेट मार्लोलाच यावं आणि तिथे नदीकाठी बसावं. पुलाच्या पायऱ्या आणि फाटकं व्हीलचेअरला जमत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

चपला-बुटांबद्दल: चप्पल नको. साडी चालते, पायघोळ नको. काठीच्या बुडाचं रबर झिजलेलं असेल तर नवीन बसवून घ्या, थोड्या पैशांत मिळतं. हिवाळ्यात हा काठ चिखलाचा असतो आणि कॉक मार्शवर पुराचं पाणी येतं, म्हणून मे ते सप्टेंबर हेच दिवस. आणि ऊन. आपल्या कातडीला या देशातलं ऊन पुरत नाही, म्हणून सावळ्या रंगाच्या लोकांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायचा विचार करावा, असं एन.एच.एस.च सांगतं. चालायला आलात म्हणून गोळी बंद करू नका.

आता शेवटचं, आणि ट्रस्टच्या वतीने. जूनमध्ये जे आले नाहीत त्यांतले अकरा जण एकटे राहतात. त्यांची अडचण चालण्याची नव्हती. घरापासून स्टेशनपर्यंत कोणी नेणारं नव्हतं, आणि संध्याकाळी परत आल्यावर अंधारात कुलूप उघडायची धास्ती होती. या अकरा जणांसाठी आपल्याला सोबती हवेत. ज्यांच्याकडे मोटार आहे आणि शनिवारी सकाळ-संध्याकाळ एकेक तास आहे, त्यांनी नाव द्यावं. तरुण मंडळींनीही द्यावं. फक्त सोडून निघून जायचं नाही, घरात दिवा लागेपर्यंत थांबायचं, एवढी एकच अट. ज्यांना वेळ नाही त्यांनी ज्येष्ठ कल्याण निधीत यथाशक्ती द्यावं. त्यातून ज्यांना परवडत नाही त्यांचं तिकीट, विसाव्याला टेकायच्या हलक्या घडीच्या खुर्च्या आणि प्रथमोपचाराची पेटी घ्यायची आहे. पावती कार्यालयात मिळेल. कुणाचं तिकीट कुणी काढलं हे कुणालाही कळणार नाही, ती जबाबदारी माझी.

पुढचं चालणं सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. वाट तीच, विसावे तेच. अर्ध्यावरून परतणाऱ्यांची आणि पूर्ण चालणाऱ्यांची नावं वेगळी लिहायची आहेत, वही बाहेर चपलांच्या मांडणीशेजारी ठेवली आहे. औषधांची यादी आणि घरच्या माणसाचा फोन नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवायचा. डबा ज्याचा त्याने आणायचा, आणि धपाटे कोण आणणार ते आत्ताच ठरवा, कारण मागच्या वेळी पाच जणींनी आणले आणि ताक कोणीच आणलं नाही.